सव्वा मूठ आणि बर्फाची फुलं

शनिवारी सकाळी प्रमिलाबाईंनी गव्हाचं सूप पुढ्यात ओढलं आणि मधल्या खोलीत दिपमालाच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

उद्या कानबाईचा रविवार. नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू आदल्या दिवशी मोजतात. मोजायची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ. एक भरलेली मूठ, वर चिमूटभर. ज्याची मूठ सुपातून पातेल्यात पडली तो घरचा. त्यानंच रोट खायचा. शेजारीपाजारी, पाहुणेरावळे, कितीही जिवाभावाचे असोत, त्यांना रोट नाही. आणि लग्न होऊन गेलेली मुलगी म्हणजे पाहुणीच. तिची मूठ तिच्या सासरी.

ठीक आहे. रीत आहे तर आहे. पण मुलगी सासरहून परत आली, तर तिची मूठ कुठे घ्यायची, हे काही कोणी सांगून ठेवलेलं नाही. दिपमाला माघात आली होती. पारोळ्याला नवऱ्यानं दुसरीला सरळ घरात आणून ठेवलं, आणि ही एक बॅग घेऊन धुळ्याला, देवपुरातल्या बापाच्या घरी आली. होळी गेली, अक्षय तृतीया गेली. भांडी घासली, वहिनीच्या दोन्ही पोरांना न्हाऊमाखू घातलं, नानांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. कोणी तिला जा म्हटलं नाही. पण राहा असंही कोणी म्हटलं नाही, आणि हे दुसरं तिला दिवसरात्र कुसळासारखं टोचत होतं.

आता पारोळ्याला तिची मूठ पडणार नव्हती, हे नक्की. इथेही पडली नाही तर? मग या जगात तिचं घर कोणतं, हो?

कोकिळावहिनीनं काल विचारून पाहिलं होतं. वहिनी वाईट नव्हती, पण तिला सगळं आधी ठरलेलं लागायचं. "आई, ताईंची मूठ धरायची का?" प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुना सासराले इचार." सासऱ्यांनी, म्हणजे पंडितनानांनी, पेपरातून मान वर केली नाही. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ऐकू न आल्याचं सोंग छान जमतं. मोठा भाऊ प्रेमराज मोबाइल कानाला लावून ओट्यावर गेला. झालं! एवढ्यावर चर्चा संपली.

म्हणून दिपमाला दाराकडे पाठ करून बसली होती, आणि सगळा जीव कानात आणून माय मोजायला कधी लागते त्याची वाट बघत होती. पुढ्यात ताटलीत पांढरे काचमणी, मोती, काचेच्या बारीक नळ्या आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, गुंडी. बर्फाची फुलं करायची होती. कानातली आणि गळ्यातली पदकं.

हा उद्योग हेमांगीनं लावून दिला होता. हेमांगी तिची शाळेतली मैत्रीण, आता कॅनडात. तिथल्या थंडीच्या बाजारात ती दागिन्यांचं दुकान मांडते. सुट्टीवर जळगावला आली होती. सोमवारी सकाळी गाडीनं मुंबईला जाताना धुळ्यात थांबून ती फुलं घेऊन जाणार होती. फुलं तिथल्या बायकांना आवडली तर पुढे बारा महिने काम. व्हिडिओ कॉलवर तिनं दम भरला होता, "पाकळ्या सहाच हं दीपे! बर्फाच्या फुलाला सहाच असतात. सात केल्यास तर तिथली पोरंसुद्धा हसतील."

दिपमालानं बर्फ पाहिला होता तो रसवंतीच्या लाकडी पेटीतला, भुशात गुंडाळलेला. पण हात मोठे हुशार होते तिचे. मधे सहा मण्यांचं कडं ओढून घ्यायचं, मग एकेका मण्यातून सुई काढून एकेक पाकळी वर चढवत न्यायची, टोकाला मोती, आणि त्याच वाटेनं सुई परत कड्यात. वरून बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवून दोरीवर टांगायचं, की वाळून फूल ताठ.

"हाई नानानी," आतून आवाज आला. मूठभर गहू पातेल्यात पडले.

दिपमालानं एक मणी ओवला.

"हाई मनी," मायनं स्वतःची घेतली.

दुसरा.

"हाई प्रेमनी. हाई कोकिळानी."

तिसरा, चौथा. तिचं तिलाही कळत नव्हतं की हात मायच्या मुठीबरोबर चाललाय. मग दोन्ही नातवंडांची नावं आली. सहा झाली. सूप जरा सरकल्यासारखा आवाज झाला. आता. आता बोल माय, बोल—

आणि नेमकी घंटागाडी आली! दारात येऊन उभी राहिली, भोंगा फुल्ल, ओला कचरा सुका कचरा, ते गाणं आणि वरून ड्रायव्हरचा हॉर्न. गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन धावल्या. कोकिळावहिनी धावली. त्या कल्लोळात पातेल्यात आणखी काही पडलं की नाही, देव जाणे. गाडी पुढे गेली तोवर प्रमिलाबाई सूप झाडून उठल्या होत्या आणि गव्हाचं पातेलं नळाखाली होतं.

दिपमालाला घंटागाडीच्या चाकाखाली धोंडा घालावासा वाटला. रोज येते ती दहाला, नाहीतर येतच नाही, आणि आज मेली बरोबर वेळ साधून!

दिवसभर तिला चैन पडली नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन आली, तर गहू पंचावर पसरलेले. पसरलेल्या गव्हावरून काय कळणार, सहाचे की सातचे? गहू दळून आल्यावर डब्यातलं पीठ बघून आली, त्यातून तरी काय कळणार? मायला सरळ विचारावं, तर जीभ उचलेना. नाही म्हणाली तर? नाही हा शब्द ऐकून त्याच घरात दुपारचा चहा कसा करायचा? एकदा मनाशी म्हणाली, मूठभर गव्हानं काय होतंय, पडली तर पडली. लगेच डोळे भरून आले आणि ती स्वतःवरच चिडली. सुई तीनदा बोटात गेली.

दुपारी फुलं वाळत घालताना तिच्या लक्षात आलं की एक फूल जरा गुबगुबीत दिसतंय. मोजलं. सात पाकळ्या. परत मोजलं. सातच! सकाळी हातानं आपोआप सातवा मणी ओवला होता आणि हिला पत्ताच नव्हता. मूठ मोजली असेल नसेल, हात मात्र मोजून मोकळा. आता ते उसवावं, तर नेलपॉलिश लावून झालेलं. "मर तिकडे," म्हणत तिनं ते दोरीच्या टोकाला अडकवलं.

रविवारी सकाळी ती न्हाऊन आली तर खिडकीतली दोरी रिकामी. एक फूल नाही! ओल्या केसांनी ती पुढच्या खोलीत आली आणि बघते तर काय, चौरंगावर कानबाई बसलेली. नारळाला डोळे, नाकात नथ, हिरवं लुगडं. वर फुलोऱ्याची चौकट बांधलेली. फुलोरा म्हणजे कानबाईच्या डोक्यावर टांगायचे तळलेले पदार्थ, करंज्या, पुऱ्या, वेण्या, फण्या. आणि त्या करंज्यांच्या मधे मधे हिची सगळी बर्फाची फुलं! मधोमध, बरोबर कानबाईच्या माथ्यावर, ते सात पाकळ्यांचं.

"माय!"

प्रमिलाबाई स्टुलावर उभ्या होत्या, तोंडात दोरा. "वरडू नको. देवी बठेल शे."

"अगं, ही हेमांगीची फुलं आहेत! उद्या सकाळी येतेय ती न्यायला!"

"अर्ध्या करंज्या फुटन्यात. फुलोरा उघडा दिसे." त्यांनी दोरा दातानं तोडला. "चांगला दिसस ना आते?"

"मला विचारायचं तरी!"

"घरनी वस्तू. तिले काय इचारनं?"

घरची वस्तू! वस्तू घरची, आणि ती करणारी कुठली? हे दिपमालाच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली इतकंच, "त्यातलं मधलं चुकलंय. सहा पाकळ्या पाहिजेत, त्याला सात आहेत."

प्रमिलाबाईंनी वर बघितलं. त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या.

आता पंचाईत बघा. फुलोऱ्यात एकदा टांगलेलं कानबाईचं झालं. ते रोटासारखंच, घरच्यांनीच वाटून घ्यायचं, उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. म्हणजे हेमांगी उद्या येणार आणि हात हलवत जाणार. दिपमालाला मायचा असा संताप आला की ती दोन तास कोणाशी बोलली नाही. नवी फुलं करायला बसली, पण मोती संपले होते आणि रविवारची दुकानं बंद. उठली, बसली, परत उठली. ओट्यावर गेली, तिथे प्रेमराजदादा केळीच्या खांबांना सुतळी बांधत होता. त्यानं विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही." परत आत.

संध्याकाळी भाऊबंद जमले. लताअक्का आल्या. या नानांच्या थोरल्या वहिनी, भाऊबंदकीत सगळ्यात वडीलधाऱ्या. कोणत्या घरी आरतीला ताट कसं धरलं हे त्यांना पाच वर्षांनीही आठवायचं. त्यांनी कानबाईला हात जोडले, वर पाहिलं, आणि हात जोडलेलेच राहिले.

"हाई काय शे, प्रमिला? धवळं धवळं?"

"फुलं शेत. मन्यासन्या."

"कोणा हातनी?"

प्रमिलाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "दीपानी."

"फुलोरा घरना हातना लागस," लताअक्का म्हणाल्या. आवाज चढवलाही नाही. "लगीन हुयेल पोर ती. तिनी मूठ घिदी का तुम्ही?"

दिपमाला दारातच उभी होती. तिनं मायकडे पाहिलं. मायनं नानांकडे पाहिलं. नानांनी कानबाईकडे पाहिलं. प्रेमराजदादा समईतली वात सारखी करायला लागला, जी मुळात सरळच होती. तेवढ्यात कोकिळावहिनीनं आरतीची घंटा वाजवली, आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

आरती संपायच्या आत दिपमाला मधल्या खोलीत येऊन बसली. रडू येत नव्हतं. अंगात नुसती आग होती. मनात म्हणत होती, उत्तर मिळालं ना आता? झालं समाधान? हेमांगीला सांगू, मलाच घेऊन चल तुझ्या बर्फात.

पुढे पानं मांडल्याचा आवाज आला. मग दार हळूच लोटून प्रमिलाबाई आत आल्या. हातात ताट, त्याच्यावर दुसरं ताट पालथं. खाली ठेवून त्यांनी झाकण काढलं. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

"खाई ले," त्या कुजबुजल्या. "आठेच. कोणले दखाडू नको."

दिपमालानं ताटाकडे बघितलं, मग मायकडे. "माझी मूठ घेतली होतीस?"

"घिदी."

"कधी? मी ऐकत होते. सहाच नावं आली."

प्रमिलाबाईंनी दाराकडे एकदा नजर टाकली. "घंटागाडीनी वाट देखी राहिंती मी. ती उनी, त्या आवाजमा तुनं नाव घिदं." आणि त्यांना हसू आलं, पोरीसारखं. "सातच मोज्यात मी. तुना फुलले पन सातच, नही का? सकायले तू सांगं, तवय मना अंगवर काटाच उना."

काय सांगावं! ज्या गाडीला दिपमालानं शिव्या दिल्या, तिच्याच भोंग्याखाली तिची मूठ पडली होती. दिपमालाला मायला मिठी मारावीशी वाटली. हात पुढे गेलाही. मग थांबला.

"चोरून घेतलीस," ती म्हणाली.

"घिदी ना पन?"

"चोरून घेतलीस, माय. आणि चोरून खायला सांगतेस. अक्कांनी तोंडावर विचारलं तेव्हा तुझी वाचा गेली."

प्रमिलाबाईंचं हसू मावळलं. "चार मानसेंमा कशी बोलू? तुना बाप बोलना नही, भाऊ बोलना नही. मी एकली काय करू?"

त्यांचे हात ताटाच्या कडेवरून फिरत होते. पिठानं फुटलेली बोटं. दिपमालाला राग आला, कीवही आली, दोन्ही एकदमच, आणि ही दोन्ही घेऊन बसणं तिला अशक्य झालं. तिनं ताट उचललं.

"दीपा! कोठे चालनी?"

ती पुढच्या खोलीत गेली. पंगत बसली होती. नाना, दादा, दोन्ही पोरं, वाढायला वहिनी. भिंतीशी भाऊबंद, लताअक्का खुर्चीत. दिपमाला उघडं ताट घेऊन पंगतीच्या टोकाला, पोरांच्या शेजारी जाऊन बसली. ताट टेकवताना खीर सांडली.

लताअक्का पुढे झुकल्या. "हाई काय चाली राहिनं, पंडित?"

नानांचा घास हातातच राहिला.

"माय," दिपमाला म्हणाली. प्रमिलाबाई दारात आल्या होत्या. "काल घंटागाडी होती. आता नाही. मुठी परत मोज. सगळ्यांना ऐकू येईल अशा."

क्षणभर वाटलं प्रमिलाबाई मागे वळणार, स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवत बसणार, आजवर बसल्या तशा. दिपमालानं डोळे मिटून घेतले. तिच्या डोक्यात सुरू होतं, माय, ओढ गं, मण्यासारखं मलाही कड्यात ओढून घे.

"नानानी," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज फाटला. त्यांनी घसा साफ केला. "मनी. प्रेमनी. कोकिळानी." पोरांची नावं घेतली. मग थांबल्या. बाहेर गल्लीत कोणाच्या तरी घरची आरती चालू होती, पण ती लांब होती.

"सातवी मनी आंडेर दिपमालानी," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, जरुरीपेक्षा मोठ्यानं. "मी घिदी. मना हातनी. आनि ज्याले तो रोट गोड लागाव नही, त्यानी खावा नको!"

आंडेर म्हणजे लेक. बाकी बोली तीच राहिली, तरी शहरात राहून प्रमिलाबाई 'मुलगी' म्हणायला शिकल्या होत्या. आज जुना शब्द आला.

लताअक्का नानांकडे बघत होत्या. आता पंडितनाना काय ते बोलतील, म्हणजे झालं. नानांनी ताटातला रोट मोडला, खिरीत बुडवला आणि खाल्ला. "मीठ बरोबर शे," म्हणाले. आणि कोकिळेला खूण केली, दीपाला खीर वाढ. एवढंच बोलले ते. एवढंच बोलणारा माणूस तो.

दिपमालानं रोट खाल्ला. चव म्हणाल तर तिला काहीच कळली नाही.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला पांझरा नदीवर न्यायची गडबड सुरू होती तोच दाराशी गाडी थांबली. हेमांगी उंबऱ्याबाहेरूनच ओरडली, "दीपे, लवकर! विमान चुकेल माझं!"

दिपमाला स्टूल घेऊन चौरंगाकडे गेली आणि फुलोऱ्यातून एकेक फूल सोडवायला लागली.

"ताई," कोकिळावहिनी हळूच म्हणाली, "फुलोरा बाहेर जात नाही ना."

"फुलोरा नाही देत," दिपमाला म्हणाली. फुलं ओच्यात घेत होती, मागे वळलीसुद्धा नाही. "फुलोरा सगळ्यांत वाटतात ना? करंज्या तुम्ही घ्या सगळ्या. मी माझा वाटा घेतेय. माझ्या वाट्याचं मी काय करायचं ते मी बघेन."

वाटा! शब्द साधाच आहे हो. प्रसादाचाही असतो. पण प्रेमराजदादाच्या हातातलं केळीचं पान खाली गेलं. त्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग उगाचच वर, छताकडे, भिंतीकडे, मागच्या खोलीच्या दाराकडे, जसं घर आज पहिल्यांदाच बघतोय. मग नानांकडे. नाना टोपी शोधत होते.

"कसला वाटा?" दादानं विचारलं.

दिपमाला स्टुलावरून उतरली. काल रात्रीपर्यंत तिनं खरंच फक्त मुठीचा विचार केला होता, याच्या पुढचा नाही. आता दादाचा चेहरा बघून तिला तो शब्द पुरता ऐकू आला. ती तो मागे घेऊ शकली असती. म्हणू शकली असती, अरे, फुलांचा रे.

"बघू," ती म्हणाली.

तिनं फुलं हेमांगीच्या ओंजळीत ओतली. हेमांगीनं तिथेच, गाडीच्या बॉनेटवर, भराभर निवडली आणि एक बाजूला काढलं. "हे नको गं. याला सात आहेत."

"दे इकडे," दिपमाला म्हणाली.

तिनं ते काळ्या दोऱ्यात ओवलं, गळ्यात बांधलं, आणि मायच्या हातातून कानबाईचं ताट घेऊन पांझरेच्या वाटेला लागली.